पायऱ्यांवर बसलेला देश

एकदा एका नदीकाठच्या छोट्याशा राज्यात एका वृद्ध आचार्यांचा शिष्य अमात्य झाला. दर पाडव्याला सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलाला राजाकडून नवे वस्त्र मिळावे, अशी तिथली रीत होती. शिष्याने चौकशी केली. वीस वर्षांपूर्वी होती तेवढीच मुले आजही होती. आकडा तोच, म्हणून त्याने मापेही तीच ठेवली. विद्वानांचे गणित असे सरळ असते.

पाडव्याला पुरती फजिती झाली. झबल्यांचे ढीग पडून राहिले आणि मोठी मुले ताटकळत उभी. एका उंच मुलीच्या हाती झबले आले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "हे डोक्याला बांधू का?" शिष्य शरमेने अर्धमेला झाला. पण खरा घोर पुढेच होता. त्याच हिशेबावर त्याने दिलेल्या सल्ल्यावरून राजा दुसऱ्या दिवसापासून राज्यातले सगळे गवंडी शिशुशाळांच्या कामाला लावणार होता.

तो आचार्यांकडे धावला. ते रागावले नाहीत. त्यांनी एक चमत्कारिक आज्ञा केली. सर्व मुलांना घाटावर बसवायचे. तान्ही सर्वांत खालच्या पायरीवर आईच्या मांडीत, आणि मग वयाप्रमाणे एकेक पायरी वर.

मुले बसली आणि शिष्याने घाटावर नजर फिरवली. खाली तुरळक आया दिसत होत्या; वर मात्र मुंगीला शिरायला जागा नव्हती. आजवर आकड्यात पाहिलेला देश त्याच्यासमोर बसला होता. त्याचे हात नकळत जोडले गेले.

आचार्य म्हणाले, "बाळा, पूर्वी पाळणे भरलेले असत, पण वरच्या पायरीपर्यंत फार थोडी पोहोचत. आता जन्मतात थोडी, जगतात बहुतेक सारी. पुढल्या पाडव्याला प्रत्येक जण एक पायरी चढेल. खाली कुणी उतरणार नाही, राजाज्ञेनेही नाही. ही वरची गर्दी उद्या विद्या मागेल, परवा काम. आणि ती थकेल, तेव्हा तिला हात द्यायला ही खालची मूठभरच असतील."

शिष्य त्याच पावली राजाकडे गेला. चूक कबूल करून आणि आचार्यांचे बोल सांगून त्याने थोडे गवंडी शिशुशाळांना ठेवायला आणि बाकीचे थोरल्या मुलांच्या कार्यशाळांकडे वळवायला विनवले. राजा स्वतः घाटावर आला. त्या गर्दीतून वाट काढत तो सर्वांत खालच्या पायरीपर्यंत उतरला आणि एका झोपलेल्या तान्ह्या मुलीपुढे वाकला.

"हिला फार जपा," तो तिच्या आईला म्हणाला. "उद्या आम्हां सगळ्यांचा भार हिच्यावर आहे."