धुरकट निळी पिल्लं

माणसानं बदकं पाळायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावरची सगळी बदकं धुरकट निळी होती. त्यांचा म्होरक्या धुरंधर याला त्या रंगाचा भारी अभिमान. पण त्यांच्या पहिल्याच अंड्यांतून निळ्यांबरोबर काही काळी आणि काही पांढरी पिल्लंही निघाली. असं का झालं, हे कुणालाच उमगेना.

"मोठी झाली की यांनी पलीकडच्या डबक्यावर जावं," धुरंधर म्हणाला. "म्हणजे पुढची पिढी निव्वळ निळी होईल."

त्याची स्वतःची काळी लेक काजळ हिलाही जावं लागलं. तिची आई दिवसभर पाण्यात उतरली नाही.

पुढच्या वर्षी तळ्यावर पुन्हा काळी-पांढरी पिल्लं निघाली. धुरंधर चक्रावला. त्यातच त्याच्या कानावर आलं, की काजळनं शेजाऱ्याच्या पांढऱ्या मुलाशी, कापूरशी, संसार मांडलाय. राहवेना म्हणून तो डबक्यावर गेला. तिथं त्या दोघांची पिल्लं पोहत होती आणि सगळीच्या सगळी निळी होती.

"एकही काळं नाही? पांढरं नाही?"

"नाही, बाबा," कापूरशेजारी उभी असलेली काजळ म्हणाली. "आम्हीही चकित झालो. तुम्हा निळ्यांच्या रंगातला काळा वाटा माझ्याकडे आला असेल, पांढरा यांच्याकडे; दोन्ही एकत्र आले की पुन्हा निळा."

धुरंधर आपल्या पिसांकडे बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे माझ्यातही तुम्ही दोघं आहातच की," तो हळूच म्हणाला. "घरी चला."

"आणि उद्या या निळ्यांच्या पोटी काळं पिल्लू आलं तर?" काजळनं विचारलं.

"तर त्याला मी स्वतः पाण्यात घेऊन उतरेन."