टिटवीची हाक आणि धामणीची कात

बाळांनो, एक विचारतो. "पळा, पळा" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा, की "काही नाही, निजा" म्हणणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एका माळावर एक उंदरीण आपल्या पाच पिलांसह बिळात राहत असे. आजूबाजूला उंदरांचीच पंचवीस-तीस बिळं, आणि साऱ्यांची राखण करायला एक टिटवी. रीत ठरलेली होती : टिटवी ओरडली, की ज्यानं त्यानं बिळाच्या तोंडात आतून मातीचा बोळा दाबायचा. एके सकाळी धामण आली. कडेच्या एका बिळात ती शिरलीच. पण टिटवीनं असा काही कल्ला केला, की बाकीची बिळं पटापट बंद! धामण दारोदार नाक घासत फिरली आणि कंटाळून ओढ्यापलीकडे निघून गेली.

टिटवीचं ओरडणं मात्र थांबेना. तो दिवस गेला, दुसराही गेला. दाणे संपले, बिळातली हवा कोंदली. धाकटं पिलू तर मानही उचलेना. उंदरीण बोळ्याला नख लावी, तोच वरून "टिटिव्! टिटिव्!" आणि तिचा पंजा मागे येई. बाहेर धामण, आत गुदमर. आईनं करावं तरी काय? तिसऱ्या दिवशी धाकटं पुटपुटलं, "आई, धामण आत आलीय का गं? छातीवर बसल्यासारखं वाटतंय."

ते ऐकलं मात्र, उंदरणीनं बोळा फोडला. बाहेर लख्ख ऊन. धामणीचा पत्ता नाही. तिनं टाकलेली कात तेवढी बाभळीच्या काट्याला अडकून फडफडत होती, आणि त्या कातीकडे डोळे वटारून टिटवी ओरडत होती.

"टिटवीताई, अगं ही नुसती कात आहे!"

"असेना! मी गप्प बसले आणि ती परत आली, तर बोल कुणाला?"

"आणि माझं धाकटं गेलं, तर बोल कुणाला?"

तीन दिवसांत पहिल्यांदा टिटवी गप्प झाली. एकेक बोळा निघू लागला. वारा लागताच धाकट्यानं डोळे उघडले. पण तीन बिळांतून कुणीच बाहेर आलं नाही. एक म्हातारा उंदीर कडाडला, "हाकला हिला! धामणीनं एक बीळ ओस पाडलं, हिनं तीन!"

उंदरीण म्हणाली, "मामा, त्या सकाळी ती ओरडली नसती, तर 'हाकला' म्हणायला तुम्ही तरी उरला असता का? ताई, तू ओरडच. पण मग एक घिरटी घालून नीट बघ, आणि धोका सरला, की तेही सांग."

तात्पर्य : वेळेवरची हाक जीव वाचवते; संकट टळल्यावरही न थांबणारी हाक तोच जीव घेते. म्हणून बाळांनो, एवढी विनंती ऐका : आपल्या भीतीचा हिशेब चोख ठेवा. साप किती वेळा दिसला आणि नुसती कात किती वेळा, हे खरं खरं मांडा.