फुलांच्या लग्नाचा ताम्रपट

ज्याने सगळ्यांची रीत उचलून स्वतःच्या नावावर केली, त्याने चोरीच केली. वर राजाची मोहोर लागली म्हणून चोरीची मालकी होत नाही. अशी एक चोरी फार पूर्वी, नदीच्या वळणावरच्या एका गावात भर दिवसा झाली. ती करणारा माणूस मुळात वाईट नव्हता, हेच दुःख.

त्या गावात घरोघरी लाल भोपळ्याचे वेल असत. उद्या उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं बाया संध्याकाळीच दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे भुंगा आधी शिरायचा नाही. पहाटे दोरा सोडायचा, चांगल्या वेलाचं नरफूल आणून मादीफुलाला टेकवायचं आणि पुन्हा दोरा बांधायचा. याला म्हणत फुलांचं लग्न. नवरा कुणाच्याही कुंपणावरचा चाले.

"गिरजावहिनी, नवरा हवाय हो!" इकडून हाक जायची.

"ने की! पाच-सहा बसलेत बिनकामाचे," तिकडून उत्तर यायचं. "घरातही एक आहे, तोही ने!"

आणि सगळी आळी हसायची.

या गिरजावहिनीच्या शेजारी एक माळी राहत होता. त्याची बायको डोंगरातली. तिने माहेरून ओटीत भोपळ्याचं बी आणलं होतं. त्या भोपळ्याचे घारगे तळले की असा वास सुटे की वाटेने जाणारा माणूस उगाच दारात रेंगाळे. पुढे बायको तापाने गेली. तिचं माहेरही दरड कोसळून उठून गेलं. उरलं ते मडक्यातलं मूठभर बी.

माळ्याने ते लावलं. डोंगरी वेलाला फुलं यायची, पण नदीकाठच्या ओलीत फळ धरलं की सडायचं. मग त्याने डोंगरी नरफूल नेऊन गिरजावहिनीच्या दणकट वेलाला टेकवलं. त्या फळाचं बी लावलं, त्याला पुन्हा डोंगरी फूल दिलं. अशी कितीतरी सालं गेली. डोंगरी बी संपलं, पण हाती एक वेल आला. त्याचं फळ सडत नव्हतं. आतून केशरी होतं. माळी प्रत्येक फळ चिरून आधी नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा.

तो वास तेवढा येत नव्हता.

न सडणाऱ्या भोपळ्याची कीर्ती राजवाड्यात पोचली. राजाचा कारभारी आला. म्हणाला, "फुलांचं लग्न लावायच्या रीतीचा ताम्रपट तुझ्या नावावर करून घे."

"रीत गावाचीच आहे, सरकार."

"गावाने कुठे कोरून ठेवलीय? आज तू नाही घेतलीस तर उद्या पलीकडच्या गावचा कोणी घेईल. मग स्वतःच्या वेलाला हात लावायला त्याच्या दारात उभा राहशील."

माळ्याने वेलाकडे पाहिलं. त्या वासापर्यंत अजून थोडीच वाट उरली होती. ती कुणी मध्येच अडवली तर? त्याने मान डोलावली.

दवंडी पिटली गेली: यापुढे माळ्याच्या परवानगीवाचून कोणी फुलांचं लग्न लावू नये.

गिरजावहिनी कुंपणापाशी आल्या. "भाऊजी, भुंग्यांना परवानगी आहे ना? का त्यांनाही शिपाई धरणार?"

"भुंग्यांचं काही नाही, वहिनी. अन् तुम्हाला मी कधी नाही म्हणेन का?"

"नाही म्हणणार नाही. पण विचारायला तर लागेल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आळीत कुणी कुणाला हाक मारली नाही. भुंगा बसून भलतंच फळ धरलं तरी शिपाई आपल्यालाच धरतील, या धास्तीने बायांनी नरफुलं खुडून त्यांची भजी केली. पुढच्या साली कुंपणांवर घेवडा चढला, दोडका चढला. माळी एकटाच पहाटे उठे, दोरा सोडे आणि नवं फूल शोधत आळीभर हिंडे. देणारं कुंपणच उरलं नव्हतं.

शेवटी तो गिरजावहिनींच्या दारात गेला. "वहिनी, तुमच्या जुन्या वेलाचं बी असेल तर द्या. माझा वेल एकाच जागी अडकलाय."

गिरजावहिनी घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला एक फळ दिलं होतं, आठवतं? त्याचं बी मी लावलं. माझ्या वेलाशी लग्न लावलं. दवंडीच्या आदल्याच आठवड्यात त्याचा भोपळा चिरला, घारगे केले. भाऊजी, कढईतून तो वास आला. तोच. मला वाटलं, ती मागच्या दारी येऊन उभी राहिली."

"बी?" माळ्याने विचारलं.

"तुम्हाला द्यायला म्हणून राखेत घोळून ठेवलं होतं. मग दवंडी झाली. लग्न आधीचं होतं हे शिपायांना कोण पटवणार? घरात सापडलं तर ह्यांना धरून नेतील म्हणून सगळं चुलीत घातलं."

माळी तडक घरी जाऊन ताम्रपट घेऊन तांबटाकडे गेला आणि म्हणाला, "वितळव." मग त्याने दारोदार फिरून सांगितलं, की रीत तुमची होती, तुमचीच आहे. दोरे पुन्हा निघाले. नवरे मागायला हाका सुरू झाल्या. तेव्हापासून गावात कुठेही भोपळा चिरला की पहिली फोड माळ्याकडे जायची. तो नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि हळूच मान हलवायचा. अजून नाही.

तात्पर्य म्हणून वेगळं काय सांगायचं? पट मुशीत टाकताना तांबट जे बोलला, ते पुरे आहे. तो म्हणाला, "माळीदादा, हंडा घडवायला मला सासऱ्यानं शिकवलं. प्रत्येक ठोक्याला त्याची परवानगी मागावी लागली असती, तर हे गाव आजही ओंजळीनंच पाणी पीत असतं."