ठकूचा उतार

खडकुंब्याच्या खाली आंबवती नदी पसरट होऊन गोट्यांवरून वाहते, त्या जागेला ठकूचा उतार म्हणतात. पूल नाही, त्यामुळे जीप आणि ट्रॅक्टर अजून तिथूनच पाण्यातून पलीकडे जातात. पण या काठावर कुणी हात वर करीत नाही. शहरातून गाड्या घेऊन आलेल्या एका मुलीनं पलीकडच्या सोबत्यांना हात हलवला, तेव्हा वाट दाखवायला आलेल्या सोमानानांनी तिचा हात हळूच खाली घेतला आणि ही हकीकत सांगितली.

बैलगाड्यांच्या काळात ठकू इथं नांदत होती. तिचा नवरा बुधाजी मिठाची गाडी हाकायचा. गाडीवान मोठा सावध, असं सांगतात. पाण्यात बैलांना घाई करायचा नाही आणि मधे थांबूही द्यायचा नाही. पण नदीचा तळ एका पुरात बदलतो, ते वरून कळत नाही. म्हणून तो यायच्या दिवशी ठकू काठी घेऊन घरच्या बाजूनं पाण्यात उतरे. गोटे घट्ट आहेत का, कुठं खड्डा पडलाय का, हे चाचपून काठावर येई आणि हात वर करी. मगच गाडी पाण्यात शिरे.

“तुझा हात दिसल्याबिगर मी चाक भिजवायचो न्हाई,” असं तो तिला म्हणे. बायका यावरून तिची थट्टा करीत, आणि तिला ती आवडे.

एका श्रावणात वर डोंगरात जोराचा पाऊस झाला. ठकू पाण्यात उतरली तर मधला गोट्यांचा थर वाहून गेलेला. काठी तळाला लागेना. ती माघारी काठावर पोचते तोच पलीकडे गाडी दिसली. ती ओरडली, पण पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. भीतीनं तिचा हात आपसूक वर गेला. थांबा म्हणून तिनं तो हलवला, मग दुसराही वर केला.

बुधाजीनं हात पाहिला आणि बैल पाण्यात घातले. आपण काय केलं हे ध्यानात येऊन तिनं हात खाली घेतले, तोवर बैलांचे पाय तळापासून सुटले होते. गाडी कलंडली. वाहता वाहता त्यानं बैलांच्या मानेचे दोर कापले म्हणे, कारण बैल खालच्या वळणाला जिवंत निघाले. तो निघाला नाही.

लोक समजूत घालायला येत. नदीनं नेला, तू काय करणार, असं म्हणत. ती एवढंच बोले, “नदीनं न्हाई नेला. त्यानं माझं ऐकलं.”

पुढं हातपाय चालत होते तोवर ती दर पावसाळ्यात उताराला जात राहिली. पाणी चाचपून बघे. ठीक असलं तर बाजूला नुसती उभी राही. धोका असला तर वाटेच्या मधोमध मांडी घालून बसे, दोन्ही हात पदराखाली. बसलेलं माणूस आपल्याला बोलावतंय असं कुणाला वाटणार नाही, हे तिनं विचारानं ठरवलं होतं. फक्त तो विचार सुचायला फार उशीर झाला होता.

आजही पावसाळ्यात गावातलं कुणीतरी आधी पायी पाण्यात उतरून बघतं. तळ बिघडला असेल तर वाटेत बसतं, आणि ते दिसलं की पलीकडचा ड्रायव्हर गाडी मागं घेऊन इंजिन बंद करतो. कितीही खोळंबा होवो, हॉर्न वाजत नाही. गावात नवी सून आली की सासू तिला उतारावर घेऊन जाते, आणि पलीकडे आपलं माणूस दिसलं तरी हात आवरायचा कसा, हे तिथं उभं करून शिकवते.