बारा दिवसांची दहिवरी

कनेरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, जुन्या मोहाखाली, गुडघ्याएवढा एक दगड उभा आहे. त्याला शेंदूर नाही, त्याच्यापुढे कुणी नारळ फोडत नाही. हिवाळ्यात सारस बघायला आलेले पाहुणे विचारतात, हा कोणता देव? जवळच बोरं विकत बसलेल्या बिसनाबाई पुस्तोडेंना तो प्रश्न अजिबात आवडत नाही. "देव नाई, पोरगी हाय ते," त्या म्हणतात. "आयकाचं असन त मुकाट बसा, नाई त जा तुमचे पाखरं पाहाले." बहुतेक पाहुणे बसतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. या गावच्या डोमा पाटलाला एकच बहीण, भागरता. तिला दोन कोसांवरच्या गावात दिलेली. डोमाच्या लग्नात वरात परत आली तेव्हा रीतीप्रमाणे भागरतेने दार अडवलं. अशा वेळी भाऊ हसतो, तुझ्या मुलाला माझी मुलगी देईन म्हणतो, बहीण वाट सोडते, सगळा खेळ घटकाभराचा. पण डोमा दिवसभराचा दमलेला. त्याने बहिणीला हाताने बाजूला सारलं आणि नवरीला घेऊन सरळ आत गेला. पाहुणे फिदीफिदी हसले. भागरतेच्या ते जिव्हारी लागलं. भाऊ स्वतः गाडी घेऊन येईल तेव्हाच त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवीन, असं ती बोलून गेली. बोलून गेली आणि मग मागे कशी फिरणार? मोठी मानी बाई होती.

तीन वर्षांनी डोमाच्या बायकोला, कवतिकेला, मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्याशिवाय पाळण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. डोमाचं लवकरचं धान खळ्यावर पडलेलं, म्हणून त्याने गडी पाठवला. भागरतेने त्याला जेवू घातलं आणि परत धाडलं. "ज्याचं लेकरू त्यानं याव," एवढाच निरोप दिला. आठ दिवसांनी गडी पुन्हा आला, पुन्हा तेच. बारावा दिवस गेला, विसावा गेला. पोर बिननावाची पाळण्यात पडून होती आणि दोन घरांतली दोन शहाणी माणसं एकमेकांची खोड मोडायला बसली होती.

शेवटी डोमा स्वतः आला. पोरीला ताप आहे, लवकर चल, म्हणाला. भागरतेला काय वाटलं असेल? जिंकल्यासारखंच वाटलं. ताप काय, लहान लेकरांना येतोच, असं तिने मनाशी म्हटलं. भावाला पाटावर बसवलं, वडे तळले, शेजारणींना बोलावून भाऊ आल्याचं दाखवलं. "आता आज नाई, उद्या पायटी निघू," ती म्हणाली. डोमाने बैल सोडले. त्याने आधीच एकदा तिला बाजूला सारलं होतं, दुसऱ्यांदा तोंड वर करायची सोय नव्हती.

पहाटे गाडी निघाली. दोन्ही अंगांना कापणीला आलेलं उशिराचं धान आणि लोंबीलोंबीवर दहिवर, म्हणजे दव, साचलेलं. त्या उजेडात ते इतकं सुंदर दिसत होतं, की भागरतेचा सगळा राग तिथेच विरघळला. वाटेतच तिने नाव ठरवलं, दहिवरी. भावाला सांगितलं नाही. नाव आधी बाळाच्या कानात, मग जगाला.

गाडी दारात आली तेव्हा अंगणात बाया उभ्या होत्या. पोर दिवस उजाडताच गेली होती. गवतावरचं दव अजून वाळलंही नव्हतं.

त्या काळी बिननावाच्या लेकरासाठी रडायची रीत नव्हती. रडणारी बाई नाव घेऊन हंबरडा फोडते, नावच नाही तर हाक कुणाला मारणार? कवतिका कोरडी बसली होती. नणंद दिसली तशी तिने पदर धरला. "बाई, तुमी कोनतं नाव आनलं होतं? मले सांगा." भागरतेने तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारे मध्ये पडले. "गेलेल्याले नाव देऊ नोको. देल्लं, त घर सोडत नाई." भागरता घाबरली. ज्या जिभेने दोनदा गडी परत धाडला, ती जीभ त्या घडीला उचलली नाही. पोरीला मोहाखाली पुरलं आणि वर तो दगड रोवला.

असं सांगतात, की त्यानंतर भागरता सासरी गेलीच नाही. पाळीवर यायची, दगडाशी बसायची, आणि कवतिका मात्र खायची, कामं करायची, पण डोळ्यांतून टिपूस काढायची नाही. माघात शेजारच्या घरी मुलगी जन्मली. सुईणीच्या हाताशी भागरता होती. नाळ कापायच्या आधीच तिने त्या ओल्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "दहिवरी." म्हातारे संतापले, पण एकदा कानात गेलेलं नाव बाहेर कसं काढणार? तिने कवतिकेला बोलावून आणलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं. "हे दहिवरी. घे, मार हाक."

कवतिकेने हाक मारली. मग ती जी रडली, ती म्हणे तलावापलीकडच्या टोल्यात, तिकडच्या वाडीत, ऐकू गेली.

बाराव्या दिवशी त्या बाळाच्या सख्ख्या आत्याने त्याला त्याचं वेगळं नाव दिलं. दहिवरी पुन्हा कुणाचीच राहिली नाही. रिकामी मांडी घेऊन कवतिकेने विचारलं, "आता परत कवा?" भागरतेपाशी उत्तर एकच होतं, गावात पुढची पोरगी होईल तेव्हा. तेव्हापासून मुलगी झाली म्हणून जिथे तोंडं उतरायची, त्या गावात एक बाई प्रत्येक मुलीच्या जन्मावर धावत सुटायची. भागरतेने मरेपर्यंत एकाही जन्माला बोलावण्याची वाट पाहिली नाही. पण कवतिकेने तिला माफ केलं का, ते कुणी सांगत नाही.

पाहुण्यांतल्या एखाद्या तरुण जोडप्याला नाव फार आवडतं. कुठेच ऐकलं नाही, आमच्या मुलीला ठेवू का, असं ते विचारतात. या गावात हे नाव लावणारी एकही बाई नाही, आणि बारा दिवस ते नाव न लावलेली, इथे जन्मलेली एकही बाई नाही. "ठेवा ना," बिसनाबाई म्हणतात. "पन मंग हाक मारत जा. उगाच कागदावर नोका ठेवू."

आजही कनेरटोल्यात मुलगी झाली की आत्या आधी हेच नाव कानात सांगते. बाळंतपणं आता तालुक्याच्या दवाखान्यात होतात, म्हणून आत्या दिवस भरायच्या आधीच येऊन राहते. मग गावात जिचं लेकरू गेलं असेल, तिच्या घरी निरोप जातो. ती येते, बारा दिवस बाळाजवळ बसते, हवी तेवढी हाक मारते आणि बारशाच्या सकाळी कुणी सांगायच्या आत उठून जाते. बिसनाबाईंना तसा निरोप आजवर अकरा वेळा आला आहे.