सशाचं पान

माणसानं अजून पाटी-पेन्सिल पाहिली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका रानात साळिंदर वैद्यकी करायचं. रोग्याचं नाव, दुखणं, औषध, सगळं ते आपल्या काट्यानं पळसाच्या पानावर कोरायचं. रोगी बरा झाला की त्याचं पान ओढ्यात सोडायची रानात रीत होती.

त्याच्या गुरूनं, म्हाताऱ्या कासवानं, बजावलं होतं, "रोग्याचं पान वेगळं, झाडपाल्याचं वेगळं. रोग्याचं पान गेलं तरी झाडाचं राहिलं पाहिजे." साळिंदरानं हे तोंडपाठ केलं आणि आपल्या शिष्यांकडूनही घोकून घेतलं.

सशाला साप चावला, तेव्हा कासवानं कुठूनशी एक वेल आणून त्याला वाचवलं आणि वेलीचा पत्ता साळिंदराला लिहून ठेवायला सांगितला. दुसरं पान तोडायला कोण उठणार, म्हणून साळिंदरानं तो सशाच्याच पानावर लिहिला. ससा बरा झाला, पान ओढ्यातून वाहून गेलं. त्याच वर्षी कासवही वारलं.

पुढे हरिणीच्या पाडसाला साप चावला. "दादा, ती वेल कुठे असते?" हरिणीनं विचारलं. साळिंदरानं पानांचा सगळा ढीग उपसला. मग त्याला आठवलं. "पत्ता सशाच्या पानावर लिहिला होता, ते ओढ्यात गेलं," ते म्हणालं. दुपारपर्यंत पाडस गेलं.

दुसऱ्या दिवशी साळिंदर शिष्यांना तोच नियम शिकवत होतं. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मागे हरिणी उभी होती. धडा संपल्यावर तिनं विचारलं, "दादा, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"