शेठाणीचा हिरवा चुडा

एका गावात एक कासारीण राहायची, आणि चार रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कारण म्हणाल तर एवढंसं. तिच्या सात वर्षांच्या लेकीने, बकुळाने, बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन अंगणात चालून दाखवलं होतं, आणि तिला ते छान जमलं होतं. दुसऱ्या आईला कौतुक वाटलं असतं. हिला वाटलं, झालं, हिच्याही नशिबी उन्हातान्हात गावोगाव फिरणंच. आपण हिला दुसरं देणार तरी काय?

पाचव्या दिवशी शेठाणीचं बोलावणं आलं.

शेठाणीच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. नवरीच्या आईने हिरवा चुडा भरल्याशिवाय मांडवात उभं राहायचं नाही, अशी त्या गावची रीत. आणि शेठाणीच्या हातात काचेची बांगडी काही केल्या चढत नसे. बारा वर्षं ती फिरकीने उघडणाऱ्या सोन्याच्या बांगड्यांवर भागवत होती. तीन गावचे कासार हात टेकून गेले होते.

शेठाणीने मोहरांची थैली पाटावर ठेवली.

"दोन्ही हात भरून दे, थैली तुझी. नाही जमलं, तर फुटेल त्या मालाचं नुकसान तुझं."

कासारणीने थैलीकडे पाहिलं. मनातल्या मनात तिने घर कौलारू केलं, बकुळाला पंतोजींकडे शिकायला घातलं, चांगलं स्थळसुद्धा पाहून ठेवलं. मग शेठाणीचा हात हातात घेतला.

हात कसला, लाकूड होतं ते.

पहिली बांगडी वाढली. दुसरी वाढली. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. पण काच टोचायची ती टोचतेच.

"सातवी गं बाई," दारातून शेठाणीची नणंद म्हणाली. "वहिनी, तुम्हाला काच सोसत नाही हेच खरं. उद्या मांडवात मीच उभी राहते की."

"वन्सं, तुम्ही आत जा."

"जाते. येताना केरसुणी आणते."

कासारणीच्या कपाळावर घाम आला. बायकांना बोलण्यात गुंतवून अलगद बांगडी सरकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मन माहेरी गेलं की हात सैल सुटतो, हे तिला पाठ होतं. पण आज बसल्यापासून तिने एक शब्द विचारला नव्हता.

"बाईसाहेब, माहेर कुठलं तुमचं?" तिने घाईघाईने विचारलं.

शेठाणी हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "माझं माहेर विचारतेस आणि डोळा थैलीवर. बारा वर्षं हेच बघतेय मी. जो येतो तो खुशाली विचारतो, आणि उठताना काहीतरी मागतो."

तिची मूठ आणखी आवळली. अकरावी बांगडी वाढली, आणि शेठाणीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला.

खोटं काय होतं त्यात? डोळा थैलीवरच होता. आता पाटीत बरोबर दोन हातांपुरत्या बांगड्या उरल्या होत्या. त्यातली एक जरी गेली, तरी ही बाई उद्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात कोपऱ्यात बसणार होती.

कासारणीने थैली उचलली. क्षणभर ती हातातच राहिली, जड आणि गार. मग तिने ती शेठाणीच्या मांडीवर ठेवली.

"ही आत ठेवून या. मला नको. बांगड्यांचे दाम तेवढे द्या."

"का गं? हरलीस?"

"तसं समजा. पण ही समोर असली, की मला तुमचा हात दिसत नाही."

शेठाणीने थैली उचलली. उठून आत ठेवून आली, आणि तिने हात पुढे केला. कासारणीने पुन्हा विचारलं, "माहेर कुठलं?"

"नदीपल्याडचं," शेठाणी हळूच म्हणाली. "आमच्याकडे चिंच होती. मी चढायची झाडावर, आणि आक्का खालून ओरडायची, उतर गं माकडे…"

"मग उतरायचात?"

"छे. तीच वर यायची."

आणि शेठाणी खरंच हसली. हसता हसता डोळे पुसायला दुसरा हात वर गेला, तेवढ्यात पहिल्या हातात पाच बांगड्या गेल्यासुद्धा होत्या. केरसुणी घेऊन आलेली नणंद दारातच थांबली.

दोन्ही हात भरले. निघताना शेठाणी म्हणाली, "लग्न झालं की ये. माल आणू नकोस. नुसती ये."

रस्त्याला लागल्यावर मात्र कासारणीने पाटी उतरवून बांगड्यांचे दाम पुन्हा मोजले. आपण शहाणपण केलं की लेकीच्या तोंडचा घास घालवला, हे तिचं तिलाच ठरेना.

घरी येऊन तिने बकुळाला सगळं सांगितलं, आणि त्यातून जे तात्पर्य तिला सुचलं तेही सांगितलं: पैशाने चुडा विकत घेता येतो, पण तो चढायला हात सैल लागतो, आणि मूठ पैशावर आवळलेली असेल, तर हात सैल सुटत नाही, देणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही.

एवढं बोलून ती धाकधुकीने लेकीच्या तोंडाकडे बघत बसली.

बकुळाने जरा विचार केला.

"पण आई," ती म्हणाली, "आधीच नको म्हणाली असतीस, तर त्या अकरा पण वाचल्या असत्या ना?"